बांधावरचा पाला

पौष लागला तोवर सुनंदाबाईची मान एका बाजूला आखडून गेली होती. केळीचा वाळका पाला दिसायला हलका. पण तो जुन्या लुगड्यात करकचून बांधला, गुडघ्यावर घेऊन हिसक्यानं डोक्यावर टाकला आणि ओल्या वाफ्यांतून पाय उचलत बांधापर्यंत नेला, की त्याचा हलकेपणा कुठल्या कुठे जातो. उचलू लागायला दुसरं माणूस असलं तर ठीक, पण ते दुसरं माणूस म्हणजे तिचा नवरा सुकदेव, आणि तो बागेच्या त्या टोकाला विहिरीशी पाणी धरत असायचा. मग एकटीनंच कण्हत कण्हत भारा चढवायचा.

दिवाळी झाल्यापासून दोघांनी हेच केलं होतं. दिवसा बागेची कामं, उन्हं कलली की पाला. बागेच्या उत्तरेला शिवरस्त्याला लागून जो बांध आहे, तिथे त्यांनी ढिगाला ढीग लावला. खाली कपाशीच्या पऱ्हाट्या, त्यावर वाळका पाला, सगळ्यात वर थोडा ओलसर. असा ढीग पेटवला की जाळ कमी होतो आणि धूर जास्त. केळीला थंडीतून वाचवायचं तर धूरच लागतो. सातपुड्यावरून गार वारं उतरलं की ते आधी या बागेवर आदळतं, मग पुढे गावात शिरतं. मोहखेड्याची थंडी सुकदेवच्या बागेतून येते, असं लोक थट्टेनं म्हणत. गेल्या साली ही थट्टा खरी झाली. एका पहाटे असं काही वारं सुटलं की निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला आलेली बाग होती तिथेच आखडली. पानं पिवळी पडली आणि घड झाडाच्या गळ्यातच अडकून बसले. त्याला चरका म्हणतात.

वावर सुकदेवचं नव्हतं. ते सावद्याच्या शालिग्राम नानांचं. सुकदेव निम्म्या हिश्श्यानं कसत होता. नाना गेल्या साली येऊन बाग बघून गेले. शेजारच्या बागेकडेही त्यांनी एकदा पाहिलं.

"सुकदेव, थंडी काही तू आनली नही," ते म्हणाले. "पन शेजारच्या वावरात धूर व्हता अन् तुह्या वावरात नव्हता. औंदा पुन्हा चरका बसला तं मी दुसरा मानूस पाहीन. मंग राग नको धरू."

नाना वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर घरी येऊन निदान चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो बोलला ते खरंच होतं. सुकदेवनं या साली बांधावर ढीग रचला आणि रोज पहाटे उठून तो वाऱ्याचा अंदाज घेऊ लागला.

मुलगी कामिनी जळगावला होस्टेलवर. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. गेल्या साली चरका बसला तेव्हा तिची परीक्षा होती. बाग गेली एवढं फोनवर कळलं, धुराचं कुणी काही बोललं नाही. शिकणाऱ्या पोरीच्या डोक्यात पाला कशाला भरायचा, असं सुनंदाबाईला वाटे.

आणि पौषात कामिनीच गावात आली, ती सगळं कॉलेज घेऊन. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर. कुठलं गाव निवडायचं म्हणून योगेंद्र सरांनी वर्गात विचारलं, तेव्हा हिनं हात वर केला. मग पुढचं सगळं सुकदेवच्या गळ्यात पडलं. सरपंचाच्या दारात हाच गेला. शाळेच्या खोल्या यानंच उघडून घेतल्या, पाण्याची टाकी धुतली, स्वयंपाकाची मोठी पातेली डोक्यावरून वाहिली. पोरीचं कॉलेज गावात येतंय म्हटल्यावर तो जरा हवेतच होता. घरी बारसं असल्यासारखा सगळ्यांना आग्रह करत फिरला.

शिबिराचा नियम असा, की सगळ्यांनी शाळेतच झोपायचं. कामिनीनं तो फार मनावर घेतला. सुनंदाबाई पहिल्याच दिवशी भरीत घेऊन शाळेच्या दारात आली. चहूकडे पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं-पोरी. तिला पोरगी पटकन ओळखूच आली नाही.

"घरी येऊन जाय व घडीभर," ती म्हणाली. "बाग पाह्य. कशी निसवते राह्यली ते पाह्य."

"येते ना माय. आता बौद्धिक हाये. मंग प्रभातफेरीची तयारी." कामिनीनं डबा घेतला आणि आत वळताना तिची बोली लगेच बदलली. "अरे, खुर्च्या तिकडे नाही, इकडे लावा!"

ती काही घरी गेली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा. गावाची पाहणी म्हणून ती घरोघरी फिरली, कुणाच्या घरी संडास आहे, कुणाच्या घरी नाही, हे विचारून आली. फक्त स्वतःचं घर राहिलं.

समारोपाच्या आदल्या दिवशी शिवरस्त्याची सफाई निघाली. पाहुणे याच रस्त्यानं गाडीतून येणार होते. सरपंचाची ट्रॉली मिळाली. तीही सुकदेवनंच मागून आणली होती. पोरांनी खराटे, फावडी, टोपल्या घेतल्या आणि घोषणा देत निघाली. काम चांगलंच केलं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, काटेरी झुडपं, सगळं उचललं. हातांना फोड आले तरी कुणी कुरकुरलं नाही. दीपक नावाचा जळगावचा मुलगा ट्रॉलीत उभा राहून खालून आलेलं दाबून भरत होता. अंगानं दणकट आणि बोलायला मोकळा. घामानं त्याची टोपी भिजली होती.

बांधावरच्या ढिगांपाशी येऊन तो थांबला.

"कामिनी, हे पण घ्यायचं का? केवढं आहे बघ. कुणी मुद्दाम रचून ठेवल्यासारखं दिसतंय."

कामिनीनं पाहिलं. काळपट, कुजकट वास येणारा, वरून ओला पाला. रस्त्यानं येणाऱ्याच्या डोळ्यांत भरावा असाच. वावर आपल्या बापाच्या हाताखालचं आहे हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला लाज वाटली. दुसऱ्याच्या बांधावर कचरा असता तर ती कदाचित विचारायला गेली असती.

"आमचाच बांध आहे हा," ती म्हणाली. "मी सांगते ना, उचला. बाग साफ केल्यावर फेकून देतात लोक. वर्षभर पडून राहतं."

"नक्की ना? काकांना विचारायचं का एकदा?"

"अरे, माझ्याच घरचं आहे. विचारायचं काय त्यात?"

विचारायला फार लांब जायचं नव्हतं. सुकदेव आणि सुनंदाबाई त्याच बागेत, दुसऱ्या टोकाला, झाडांना आधाराच्या पट्ट्या बांधत होते. पण केळीच्या बागेत हाताभरापलीकडचं दिसत नाही. घोषणा ऐकून सुनंदाबाई हसली. "पोरं आली वाटते रस्त्यावर," म्हणाली, आणि गाठ मारायला पुन्हा वाकली. संध्याकाळी दोघं विहिरीकडच्या पायवाटेनं घरी गेले.

इकडे ढीग उचलल्यावर बांध उघडा पडला. तो छान दिसावा म्हणून पोरींनी त्याच्या कडेनं चुन्याची पांढरी रेघ ओढली.

एवढ्या पाल्याचं करायचं काय, तर शेकोटी. शाळेच्या पटांगणात पोरांनी त्याचा डोंगर केला आणि दिवस मावळताच पेटवला. सगळं गाव जमलं. म्हाताऱ्यांनी हात पुढे केले, बायांनी लेकरांची तोंडं जाळाकडे वळवली. कामिनी माईकवर एकेका गाण्याचं नाव पुकारत होती. सुकदेव आला तेव्हा सगळ्याचा जाळच झाला होता; तो टॉवेल डोक्याला गुंडाळून पुढच्या रांगेत बसला. त्याच्या शेजारी दीपक.

"काका, थंडी आहे हो तुमच्याकडे," दीपक म्हणाला.

"आज जास्त हाये. वारं फिरलं." सुकदेवनं तळहात जाळावर धरले, मग चेहऱ्यावरून फिरवले. "पन तुमी शेकोटी झकास केली भाऊ. बठ्ठं गाव शेकलं. आशीर्वाद देतीन लोके."

स्टेजवर उभी राहिलेली पोरगी त्याला आज दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती. तिनं पुकारलेल्या प्रत्येक गाण्याला त्यानं मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. तो उठला तेव्हा शेकोटीत अजून पुष्कळ निखारा होता.

पहाटे जाग आली ती नाकाच्या शेंड्यानं. अंगावरची गोधडी पाण्यातून काढल्यासारखी गार लागत होती. सुकदेवनं काडेपेटी आणि डिझेलची बाटली घेतली. बायकोला हाक मारली, आणि ती यायच्या आधीच निघाला. वाटेत पायाची बोटं बधिर झाली. तो शिवरस्त्यानं बांधाशी आला आणि थांबला.

त्याला आधी वाटलं, आपण अंधारात दुसऱ्याच वावरापाशी आलो. पुढे जाऊन त्यानं आपल्या बागेचं फाटक चाचपलं. फाटक त्याचंच होतं. तो परत आला. खाली बसून त्यानं जमिनीवर हात फिरवला. हाताला माती लागली आणि चुना लागला.

मागून सुनंदाबाई आली. "कामून बसले? पेटवा ना."

"काय पेटवू?" सुकदेव म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते धावपळ म्हणूनच सांगता येईल. सुकदेवनं घरी जाऊन बैलाचा कडबा उपसला. न्हाणीला आडोसा म्हणून लावलेली पऱ्हाट्यांची ताटी त्यानं ओढून काढली. आता आंघोळ कुठे करायची, हे सुनंदाबाईच्या मनातही आलं नाही. बांधावरच्या चुन्यावरून तिला रात्रीची शेकोटी आठवली, आणि ती शाळेकडे पळाली. पटांगणात राखेचा मोठा गोल होता. ती राखेत हात घालून काही उरलंय का पाहू लागली. हात भाजला, पण पाला उरला नव्हता.

आवाजानं कामिनी बाहेर आली. अंगावर शाल, केस मोकळे.

"माय? तू अठी काय करते?"

"बांधावरचा पाला कोनं उचलला व?"

"आम्ही. सफाई केली ना काल." आईच्या हाताला काळं लागलेलं बघून तिचा आवाज बारीक झाला. "कामून?"

"तो धुराचा व्हता, बाई. थंडीसाठी. दोन महिने वाह्यला मी तो, डोक्यावर." सुनंदाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "औंदा चरका बसला तं नाना वावर काढून घेनार हायेत. तुले कोनं सांगितलं उचलायले?"

"मीच सांगितलं," कामिनी म्हणाली.

दीपक दारात उभा राहून हे ऐकत होता. त्यानं आत जाऊन सगळ्यांना उठवलं. पोरं तशीच निघाली, कुणी चपलेत, कुणी अनवाणी. त्यांनी शाळेच्या दाराची आंब्याच्या डहाळ्यांची कमान उतरवली. घरोघरी जाऊन कुणाच्या चुलीमागची तुऱ्हाटी मागितली, कुणाच्या गोठ्यातलं गवत. जे मिळालं ते बांधावर नेलं आणि पेटवलं. धूर झालाही. पण तोवर पूर्वेला तांबडं फुटलं होतं, आणि वारा तो थोडासा धूर बागेवर टिकू न देता नाल्याकडे ओढून नेत होता. पोरं टोप्यांनी धूर बागेकडे ढकलत होती. टोपीनं धूर कुठे ढकलला जातो? पण त्या वेळी ते कुणाला हसू आणणारं वाटलं नाही. कामिनी ओल्या डहाळ्या फुंकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. धुरानं की कशानं, हे विचारायला कुणी मोकळं नव्हतं.

योगेंद्र सर रस्त्यावर उभे होते. तेही गारठले होते.

"वाईट झालं कामिनी," ते म्हणाले. "फार वाईट झालं. पण पाहुणे निघालेत. समारोपात हा विषय नको. नंतर आपण बघू काय करता येतं ते."

समारोपात पाहुणे रस्त्यावर फार खूश दिसले. "येताना मी पाहिलं," ते म्हणाले, "बांधाला चुन्याची रेघ! असा रस्ता शहरातही नाही." टाळ्या झाल्या. मग शिबिराला मदत करणाऱ्या ग्रामस्थाचा सत्कार. नावाची चिठ्ठी कामिनीच्याच हातात होती. तिनं बापाचं नाव वाचलं. सुकदेव मळक्या सदऱ्यात, काजळलेल्या हातांनी वर गेला. शाल घेतली, नारळ घेतला. नारळावर त्याची बोटं उमटली. त्यानं पाहुण्यांना हात जोडले, सरांना जोडले आणि खाली उतरला. आभार मानताना कामिनीचा आवाज दोनदा बसला. लोकांना वाटलं, पोरगी निरोपानं हळवी झाली. दीपक शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसला होता. त्यानं टाळी वाजवली नाही.

केळ लगेच सांगत नाही. दोन-चार दिवस बाग हिरवीच दिसली आणि सुनंदाबाईनं महादेवाला नारळ बोलला. मग पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. मग नवं पान उलगडेना. मग घड यायचे तिथेच थांबले, झाडाच्या गळ्यात, अर्धे आत आणि अर्धे बाहेर.

कामिनी संक्रांतीनंतरच्या रविवारी घरी आली. सुकदेव ओट्यावर विळ्याला धार लावत होता.

"बसला का आबा चरका?"

"बसला."

"नाना आले व्हते?"

"आले व्हते. मोहराळ्याच्या एका मानसाले दिलं वावर." विळा दगडावर घासत राहिला. "बरा मानूस हाये म्हनतात."

"तुमी नानाले सांगितलं नही? पाला आम्ही नेला म्हनून?"

"झालं ते झालं. तू जेवून घे."

"मंग काय सांगितलं तुमी?"

सुकदेवनं विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. सुनंदाबाई आत भाकरी थापत होती.

कामिनीनं दीपकला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं यावलला उतरला आणि दोघं तिथून सावद्याला गेले. नाना केळीच्या वखारीत होते. ट्रकमध्ये घड भरणं चाललं होतं, हमालांच्या मानेवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. नानांनी दोघांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. कामिनीनं सगळं सांगितलं. सांगताना तिनं कुणाचं नाव मध्ये घातलं नाही, मी म्हटलं, मी सांगितलं, असंच सांगितलं.

"ट्रॉली मी भरली," दीपक म्हणाला. "मला शंका आली होती. बागेत जाऊन काकांना विचारलं असतं तर हे झालं नसतं. त्यांची काहीच चूक नाही. तुम्ही त्यांचं वावर काढू नका."

नानांनी ट्रकमधल्या हमालांना हात करून थांबवलं.

"मले तं सुकदेवनं वेगळंच सांगितलं," ते म्हणाले. "पाला व्हता म्हने बांधावर. पन पहाटे झोप लागली, जाग नही आली म्हने. पेटवला तवा उजाडलं व्हतं."

कामिनीनं जन्मात बापाला उजाडल्यावर अंथरुणात पाहिलं नव्हतं. तापातसुद्धा नाही.

"मीबी म्हटलं, सुकदेव, तू अन् झोपला? हे मी कसं मानू?" नाना म्हणाले. "पन त्यानं मान खाली घातली. मंग मी मानलं."

"आता तर खरं कळलं ना नाना."

"कळलं बाई. तुम्ही दोघं सांगायले आले, हे मोठं केलं. कोनी येत नही." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन माह्या शब्दावर त्या मानसानं त्याचं जुनं वावर सोडलं. त्याच्या घरीबी लेकरं हायेत. आता त्याले काय सांगू, सांग."

नानांनी त्यांना बसस्टँडपर्यंत गाडीनं सोडायला माणूस दिला. परतीच्या बसमध्ये कामिनी खिडकीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी सुकदेव विहिरीवरून आला, हातपाय धुवायला बसला. कामिनीनं तांब्या भरून पुढे केला.

"आबा, तुमी झोपले नव्हते."

त्यानं पाणी घेतलं. खळखळून चूळ भरली.

"सावद्याले गेल्ती?"

"हो."

"सुकदेव झोपला म्हटलं तं लोके दोन दिवस हासतीन अन् इसरून जातीन," तो म्हणाला. "पन पोरीनं बापाची बाग घालवली म्हटलं तं ते तुह्या लगनापर्यंत पुरीन. मले एक लबाडी परवडली."

कामिनी रडली. मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी. सुनंदाबाई आतून आली, तिच्याजवळ बसली आणि भाजलेल्या हातानं तिची पाठ चोळत राहिली.

वावर सोडताना मोकळं करून द्यायचं, अशी रीत आहे. माघात सुकदेवनं बाग कापायला काढली. शनिवारी दुपारच्या बसनं कामिनी आली, आणि तिच्याबरोबर दीपक आणि शिबिरातली आणखी चार-पाच पोरं. टोप्या नव्हत्या, फलक नव्हता, घोषणा नव्हत्या. सर आले नव्हते. पोरांनी जुने कपडे आणले होते, कारण केळीचा चीक निघत नाही हे त्यांना आता माहीत होतं. सुकदेवनं दीपकच्या हातात विळा दिला आणि खोड कुठून कापायचं, पाय कुठे ठेवायचा, एवढं दाखवलं.

झाडं आडवी होत गेली. घड गळ्यात अडकलेले, काही अर्धवट बोटांएवढे, काळे. जिथे हाताभरापलीकडचं दिसत नव्हतं, तिथे आता उन्हं उतरताना सातपुड्यापर्यंत सगळं उघडं पडलं. सुनंदाबाई वाळका पाला वेगळा काढत होती. तिची मान अजून वळत नव्हती. कामिनीनं आईच्या हातातून जुनं लुगडं घेतलं, पाला त्यात करकचून बांधला, गुडघ्यावर घेतला आणि हिसका देऊन डोक्यावर टाकायला गेली. पहिल्यांदा तो पडला. दुसऱ्यांदा दीपकनं खालून हात दिला.

भारा घेऊन ती बापापुढे उभी राहिली.

"आबा, हा कुठी टाकू?"

सुकदेव कमरेवर हात ठेवून सरळ झाला. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग उत्तरेकडे.

"बांधावर टाक."

"आता कशाले? वावर तं आपलं नही राह्यलं."

"वावर नसलं तरी थंडी यीनच ना पुढच्या साली," तो म्हणाला. "जो राहीन त्याले लागीन."

कामिनी बांधाकडे निघाली. मागून पोरं एकेक भारा उचलून तिच्या वाटेनं येऊ लागली. चुन्याची रेघ अजून पुरती पुसली नव्हती. तिनं आपला भारा तिच्यावरच टाकला आणि दुसरा आणायला परत वळली.